डबा रिकामा परत धाडू नये

दिवाळीत आमच्या आळीत डब्यांची ये-जा सुरू झाली म्हणजे मला माझ्या सासूबाईंची आठवण होते. शेजारून फराळाचा डबा आला की त्या तो लगेच रिकामा करून, घासूनपुसून ठेवीत. पण तसाच परत मात्र कधी पाठवीत नसत. आपल्याकडचे लाडू अजून वळले गेले नसले तर दोन मुठी साखर, तीही नसली तर चार सुपाऱ्या. पण काहीतरी घातल्याशिवाय डबा उंबऱ्याबाहेर जात नसे. "ज्यानं भरून दिला त्याला रिकामा दाखवायचा नसतो गं," एवढेच त्या म्हणत.

यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला हाच डबा आठवला. आणि आठवला तो फराळामुळे नव्हे, एका भांडणामुळे. ते भांडण आहे भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्ट फायलींचे. विषयाचे नाव वाचून कुणी पान उलटून पुढच्या कथेकडे निघाला असेल, तर त्याला मी हात धरून थांबवते. कारण या फायलींचा संबंध तुमच्या घरी येणाऱ्या औषधाच्या चिठ्ठीशी आहे, मिक्सरच्या माहितीपत्रकाशी आहे, बँकेच्या अर्जाशी आहे आणि पाळण्यातल्या मुलाच्या पोटात जाणाऱ्या पाण्याशीही आहे. तो कसा, ते सांगते.

प्रथम माझी पायरी सांगून टाकलेली बरी. मी संगणकाची पंडित नाही की भाषाशास्त्राची नाही. मॅट्रिक झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. गावातल्या एका खाजगी शाळेत शिशुवर्गाला शिकवते. दोन कादंबऱ्या नावावर आहेत आणि त्यांच्या मानधनात महिन्याचा किराणाही भरत नाही, हे कादंबरी लिहिणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको. म्हणून रात्री घर निजले की हिंदीतून मराठीत भाषांतरे करते. पूर्वी वहीत करीत असे. मग भाच्याने जुन्या लॅपटॉपवर ओमेगाटी नावाचे सॉफ्टवेअर घालून दिले. ते फुकट मिळते. कीथ गॉडफ्रे नावाच्या गृहस्थाने २००० साली ते लिहायला घेतले आणि पुढे देशोदेशीच्या लोकांनी हात लावून ते वाढवले.

सॉफ्टवेअर म्हटले की लोकांना वाटते, एका तोंडाने हिंदी घालायचे आणि दुसऱ्या तोंडाने मराठी निघायचे, पिठाच्या गिरणीसारखे. इथे तसे नाही. इथे दळणारी मीच. ते मजकुरातले एकेक वाक्य माझ्यापुढे ठेवते, मी त्याखाली मराठी लिहिते, आणि ते ही दोन वाक्ये जोडीने जपून ठेवते. पुढे तेच किंवा त्याच्या जवळपासचे वाक्य आले की मागची जोडी काढून दाखवते: बाई, हे तुम्ही पूर्वी असे लिहिले होते. या जोड्यांच्या साठ्याला ‘ट्रान्स्लेशन मेमरी’ म्हणतात. आपण स्मृती म्हणू.

काम सुरू करताना एक प्रोजेक्ट तयार करावा लागतो. प्रोजेक्ट म्हणजे एक फोल्डर, आणि त्याच्या आत वाट्या मांडलेल्या, आपल्या मिसळणाच्या डब्यात असतात तशा. ‘सोर्स’ नावाच्या वाटीत मूळ मजकूर. ‘टार्गेट’मध्ये तयार झालेले भाषांतर. ‘ग्लॉसरी’त शब्दांची यादी, कुठल्या शब्दाला कुठला प्रतिशब्द ठरवला त्याची. ‘डिक्शनरी’त शब्दकोश. ‘टीएम’मध्ये जुन्या कामांच्या आणि इतरांकडून आलेल्या स्मृती. आणि सहावी वाटी खुद्द सॉफ्टवेअरच्याच नावाची; तिच्यात ‘प्रोजेक्ट सेव्ह’ नावाची एक फाइल. नवख्या माणसाचे सारे लक्ष टार्गेटकडे असते, कारण गिऱ्हाइकाला द्यायचे ते तिथे असते. पण प्रोजेक्टचा जीव असतो तो या सहाव्या वाटीतल्या फायलीत. सोर्स आणि ती फाइल शाबूत असली तर टार्गेट पुसले गेले तरी एका कळीसरशी पुन्हा तयार होते. उलट टार्गेट राहिले आणि ती फाइल गेली, तर भाकरी हातात राहिली आणि पीठ, तवा, चूल सगळे गेले असे समजावे.

या रचनेतूनच एक नियम निघतो. दुरुस्ती करायची ती नेहमी प्रोजेक्टच्या आत, वाक्याच्या जोडीत. टार्गेटमधल्या मजकुरावर वरच्यावर नाही. टार्गेटवर हाताने केलेली दुरुस्ती स्मृतीला कळत नाही. पुढच्या वेळी टार्गेट नव्याने तयार केले की तुमची दुरुस्ती पुसून जुनी चूक पुन्हा उमटते. शाळेत मी मुलांना सांगते, फळ्यावरची बेरीज मी दुरुस्त केली, आता तुझ्या वहीतली तू कर. नाहीतर घरी जाऊन चुकलेलीच पाठ करशील. हा वहीचा नियम लक्षात ठेवा. माझी पुढची सगळी तक्रार याच खुंटीला टांगलेली आहे.

२०२२ साली शहरातल्या एका भाषांतर एजन्सीने मला एक पुस्तिका दिली. एजन्सीचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण ही रीत एकट्या तिची नव्हे. पुस्तिका लहान मुलांच्या आयांसाठी होती. मुलाला जुलाब झाले तर द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याची कृती तीत दोनदा आली होती. एकदा ग्लासाच्या मापाने: एक ग्लास पाणी, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ. दुसऱ्यांदा लिटरच्या मापाने: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पहिले वाक्य मी लिहिले. दुसरे आले तेव्हा सॉफ्टवेअरने पहिलेच वाक्य ‘जवळपास असेच’ म्हणून पुढे केले. मी ते घेतले, साखर-मिठाची मापे बदलली, आणि ग्लासाचा लिटर करायला विसरले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, ही सबब नव्हे. चूक माझी होती आणि ती लहान नव्हती. ग्लास दोनशे मिलिलिटरचा धरला तर लिटरात पाच ग्लास बसतात. म्हणजे माझ्या वाक्याप्रमाणे पाणी पाचपट खारट झाले असते. जुलाबाने कोरड्या पडलेल्या तान्ह्या मुलाला असे पाणी पाजले तर ते औषध राहत नाही, घात होतो.

सुदैवाने प्रुफे माझ्याकडे आली. तोवर मजकूर छापखान्यात पानांवर चढलेला होता. मी चूक पाहिली, लाल शाईने खूण केली, छापखान्याने ती पानावर दुरुस्त केली, आणि पुस्तिका निर्दोष निघाली. पण ही झाली फळ्यावरची दुरुस्ती. वही तेव्हा माझ्या हाती नव्हती. एजन्सीची अट अशी की, काम संपताच अख्खा फोल्डर जसाच्या तसा पाठवायचा आणि आपल्या संगणकावरची प्रत पुसून टाकायची. मी पडले आज्ञाधारक मास्तरीण. पुसून टाकली होती. मी एजन्सीला कळवले की तुमच्याकडच्या स्मृतीतही एवढी ओळ बदला. उत्तर आले, "नोंद घेतली." या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, ते आपण सारे जाणतो.

दुसऱ्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाची दुसरी पुस्तिका निघाली. निम्मा मजकूर पहिल्यासारखाच होता. एजन्सीने तो निम्मा मजकूर आपल्याकडच्या स्मृतीवरून आधी भरून घेतला आणि उरलेली वाक्ये तेवढी माझ्याकडे पाठवली. भरलेली वाक्ये मला दाखवलीच नाहीत, कारण दाखवली की मोजावी लागतात, आणि मोजली की पैसे द्यावे लागतात. या खेपेला प्रुफेही माझ्यापर्यंत आली नाहीत. पुस्तिका छापून गावोगाव गेली. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी गठ्ठा सोडला, पाने चाळली आणि भर दुपारी त्या माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग एवढं मीठ कुणाच्या लेकराला पाजायचं?"

मी पान पाहिले आणि मला घाम फुटला. तीच ओळ. माझीच. लाल शाईने मी स्वतः मारलेली ओळ पुन्हा जिवंत होऊन पानावर बसली होती.

कुठल्याही मुलाला अपाय झाला नाही. ताईंनी गठ्ठे वाटपाआधीच अडवले, आसपासच्या गावांतल्या ताईंना फोन केले, आणि आम्ही दोघींनी रात्री बसून आमच्या गावच्या प्रतींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पण ताई पान न चाळताच पुस्तिका वाटून मोकळ्या झाल्या असत्या, तर? हा ‘तर’ मला अजूनही झोपू देत नाही.

मी एजन्सीला फोन केला. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितले, "मॅडम, ते वाक्य तुमचंच आहे. आमच्या रेकॉर्डला तुमचं नाव आहे."

मी म्हटले, "खरं आहे. मग ती फाइल मला द्या. मी पहिल्या ओळीपासून तपासून देते, पैसे नकोत."

तेव्हा ते म्हणाले, "फाइल देता येणार नाही मॅडम. ती आमची मालमत्ता आहे."

वाचकहो, या दोन उत्तरांच्या मधोमध मी आजवर उभी आहे. चूक निघाली की वाक्य माझे आणि मोल निघाले की वाक्य त्यांचे! खोट माझ्या पदरात आणि नफा त्यांच्या तिजोरीत, हा कुठल्या गावचा न्याय?

आता या व्यवहाराचा हिशेब पाहा. भाषांतराचे पैसे शब्दांवर मिळतात. पण काम हाती देण्याआधी मजकूर स्मृतीशी ताडून घेतात. वाक्य अगदी नवे असेल तर पूर्ण दर. काही टक्के जुळणारे असेल तर दर उतरतो. शंभर टक्के जुळले तर फारच थोडा, किंवा काहीच नाही. वरवर पाहता यात गैर ते काय? सुताराने एकदा करून दिलेल्या खुर्चीचे दुसऱ्यांदा पैसे मागितले तर आपणही त्याला हसू.

पण वाक्य म्हणजे खुर्ची नव्हे. खुर्ची माजघरातून ओसरीवर नेली तरी खुर्चीच राहते. वाक्य एका परिच्छेदातून उचलून दुसऱ्यात ठेवले की त्याचा अर्थ हलतो. हिंदीतले एक साधे वाक्य घ्या: ‘उसे भरपूर पानी दें.’ पहिल्या पानावर ते आजारी मुलाविषयी असते. मी लिहिते, ‘त्याला भरपूर पाणी द्या.’ सातव्या पानावर तेच वाक्य बाळंतिणीविषयी येते. तिथे ‘तिला’ हवे. हिंदीच्या ‘उसे’ला लिंग नाही, आमच्या ‘त्याला’ला आहे. तसेच ‘हम’चे. ऐकणाऱ्याला धरून असेल तर ‘आपण’, त्याला वगळून असेल तर ‘आम्ही’. हिंदीत दोन्ही ‘हम’च. यंत्राच्या लेखी ही वाक्ये शंभर टक्के जुळली. माणसाच्या लेखी ती जुळलेली नाहीत, आणि हे कळायला कुणीतरी ती वाचावी लागतात. वाचणे हेही काम आहे. ज्या कामाचा दर शून्य, ते काम कुणी करीत नाही. आणि जे कुणी वाचीत नाही, तिथेच चूक घर करते. माझ्या मिठाचे नेमके हेच झाले.

यावर मला उत्तरे मिळाली, ती एकेक करून घेते.

पहिले उत्तर: ज्याने पैसे दिले त्याची वस्तू. कबूल. पण पैसे दिले कशाचे? पुस्तिकेच्या मराठी मजकुराचे. तो मी दिला. दिवाळीचा फराळ विकत घेणारा गिऱ्हाईक चकली घेऊन जातो. सोऱ्या उचलून नेत नाही, आणि जाताना ‘भाजणीचे प्रमाण आता विसरा’ असे आचाऱ्याला बजावीत नाही. माझ्या भाच्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा मला मोठ्याने वाचून दाखवला. त्याच्या १९ व्या कलमात म्हटले आहे की, हक्क दुसऱ्याच्या हवाली करायचा तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. आणि मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच समजायचे. ज्या कागदावर मी सही केली त्यात पुस्तिकेचा उल्लेख होता. अख्खा फोल्डर पाठवण्याची आणि प्रत पुसण्याची अट आली ती मागाहून, ईमेलमधल्या एका ओळीत. या व्यवसायातल्या किती जणींनी अशी ओळ वाचून मुकाट्याने मान डोलावली असेल, ते ज्याचे त्याने आठवावे. मी डोलावली, म्हणून तर हा लेख लिहिते आहे.

दुसरे उत्तर: गुप्तता. यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. बँकेची कागदपत्रे, रुग्णाचे अहवाल, कोर्टातले जबाब, यांची प्रत माझ्या लॅपटॉपवर राहू नये हे बरोबरच. अशा कामाची फाइल पुसावी, आणि ती दोन्हीकडून पुसावी. पण त्या गुपितातली वाक्ये एजन्सीने पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामात दर उतरवायला वापरावीत, हे गुप्ततेच्या कुठल्या व्याख्येत बसते? आणि आयांच्या हाती वाटण्यासाठी छापलेल्या पुस्तिकेत गुप्त ते काय? साखर-मिठाचे प्रमाण गुप्त ठेवायचे की काय?

तिसरे उत्तर सगळ्यांत आधुनिक: आता यंत्रच भाषांतर करते, तुमच्या या फायली घेऊन कोण बसतो? अहो, पण ते यंत्र शिकते कशावर? माणसांनी केलेल्या अशाच वाक्यांच्या जोड्यांवर. ज्या स्मृतीत मीठ पाचपट आहे, तीच त्याच्यापुढे ठेवली तर ते पाचपट मीठच शिकेल, आणि माझ्यापेक्षा ठामपणे सांगेल. मार्टिन के नावाच्या संशोधकाने १९८० साली अमेरिकेत एक निबंध लिहिला. भाषांतरात माणसाची जागा कोणती आणि यंत्राची कोणती, हाच त्याचा विषय. त्याचे म्हणणे असे की यंत्राने भाषांतर करणाऱ्याच्या हाताखाली राहून थोडे थोडे काम उचलावे आणि सूत्र माणसाच्या हाती असावे. इतक्या वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आज उलटे टांगले गेले आहे. सूत्र फायलीच्या मालकाच्या हाती, आणि माणूस तिच्या हाताखाली.

यात तांत्रिक अडचण आहे, असेही कुणी सांगू नये. एका सॉफ्टवेअरची स्मृती दुसऱ्यात उघडावी म्हणून टीएमएक्स नावाचा सामाईक साचा गेल्या शतकाच्या अखेरीसच ठरला. ज्या संस्थेने तो ठरवला ती २०११ साली बंद पडली, तरी साचा चालूच आहे. अर्धवट काम एकाकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी एक्सलिफ नावाचा दुसरा साचा २००२ पासून आहे. ट्रॅडोसची कंपनी १९८४ साली जर्मनीत श्टुटगार्टला निघाली; त्या सॉफ्टवेअरमध्ये तर भाषांतर करणाऱ्याला कामाचे एक पुडके पाठवायचे आणि त्याने काम भरून परतीचे पुडके धाडायचे अशी सोयच केलेली आहे. परतीच्या वाटेची सोय त्यांनी केली. पण दुरुस्त स्मृती भाषांतर करणाऱ्याकडे परत धाडायची कळ शोधायला कुणाला सवड झाली नाही! कारण ती कळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, मनात आहे.

आणि मनात असले तर काय होते, तेही पाहा. युरोपियन कमिशनच्या भाषांतर विभागाने कायद्यांच्या भाषांतरांतून जमलेली आपली स्मृती २००७ साली सर्वांसाठी खुली केली. वीसाहून अधिक भाषांतली वाक्ये, समोरासमोर लावलेली; कुणीही घ्यावी, वापरावी. त्याने त्या कमिशनचे दिवाळे वाजले नाही. आपल्याकडेही लोकांच्या पैशाने जी भाषांतरे होतात, आरोग्याची, शेतीची, शाळेची, त्यांच्या स्मृती अशाच दुरुस्त होऊन लोकांपुढे याव्यात, अशी माझी मागणी आहे. शब्द ठरवणे आणि ते सर्वांना देणे ही आपल्या मातीला परकी गोष्ट नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो रघुनाथपंतांनी दहा वर्गांत लावला, आणि त्यात लेखनवर्ग म्हणून एक वर्गच आहे. आजच्या भाषेत ती स्वराज्याची ग्लॉसरी होती. ती कुणा कारकुनाच्या पेटीत कुलूपबंद ठेवायची नव्हती. दरबारात वापरायची होती. उलट १८३१ साली निघालेला मोल्सवर्थचा कोश घ्या. त्याचे उपकार आपण मानतो, मानलेच पाहिजेत. पण ज्या शास्त्र्यांनी त्यासाठी शब्द वेचले, त्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. वेचणारे हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही चाल जुनीच आहे. जुनी आहे म्हणून ती चालू ठेवावी असे मात्र नाही.

इथवर मी दुसऱ्यांना बोलले. आता आमच्याच जमातीच्या चार गोष्टी सांगते, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल.

आम्ही भाषांतर करणारे आपल्या फायली कशा ठेवतो? एका फाइलचे नाव ‘फायनल’, दुसरीचे ‘फायनल दोन’, तिसरीचे ‘हीच फायनल’, चौथीचे ‘ताईंनी पाहिलेली हीच खरी फायनल’. यातली खरी कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ओमेगाटी बिचारे तारीख-वेळ घालून स्मृतीच्या मागच्या प्रती आपणहून ठेवते. पण त्या त्याच लॅपटॉपवर, त्याच फोल्डरात. लॅपटॉप पडला की आई आणि लेकरे एकाच विहिरीत. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढायला दोन मिनिटे लागतात, तेवढीही आम्हाला जड होतात. आणि सगळ्यांत मोठे पाप म्हणजे जुन्या फॉन्टचे. कित्येक मराठी छापखान्यांतून आजही जुन्या चालीचे फॉन्ट वापरतात. त्यांत ‘क’ दिसतो तो क म्हणून साठवलेला नसतो. भलत्याच इंग्रजी अक्षराला ‘क’चा मुखवटा चढवलेला असतो. मुखवटा काढला की खाली इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. युनिकोडमध्ये लिहिलेली माझी स्मृती अशा पानांशी जुळणार कशी? म्हणून छापखान्यात पानावर झालेली दुरुस्ती तिथेच राहते, माघारी येत नाही. एजन्सीने जशी माझी दुरुस्ती हरवली, तशी आमची हजार दुरुस्ती आम्ही आपल्याच हाताने त्या फॉन्टांच्या विहिरीत टाकत आलो आहोत. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात, हे मी विसरलेले नाही.

म्हणून मी त्या दिवसापासून काही नेम केले आहेत. प्रत्येक कामाचा प्रोजेक्ट वेगळा. नावात वर्ष, महिना आणि गिऱ्हाईक. प्रूफ तपासले की त्याच रात्री प्रोजेक्ट उघडून प्रत्येक खूण वाक्याच्या जोडीत उतरवायची, मगच दिवा मालवायचा. ग्लॉसरीत ‘ग्लास’ आणि ‘लिटर’ हे दोन शब्द मी पहिल्या ओळीत घातले आहेत. ते विसरण्याजोगे नाहीत, पण विसरण्याजोगे नसते तेच माणूस विसरतो. आणि काम घेण्याआधी तीन अटी लेखी सांगते. एक, गुप्त नसलेल्या कामाची स्मृती माझ्याजवळही राहील. दोन, पानावर झालेली प्रत्येक दुरुस्ती स्मृतीत उतरवून तिची प्रत मला मिळेल. तीन, माझ्या नावाने जी वाक्ये छापणार ती शंभर टक्के जुळलेली असली तरी मला दाखवायची, आणि वाचण्याचे वाजवी पैसे द्यायचे.

या अटींमुळे माझी दोन कामे गेली. खोटे कशाला सांगू, त्या महिन्यात चणचण भासली. ज्या एजन्सीशी भांडण झाले तिने तर पुन्हा फोन केला नाही. पण एका लहानशा प्रकाशकाने तिन्ही अटी मान्य केल्या, आणि वर विचारले, "बाई, हे तुम्ही आधीच का नाही मागितलंत?" मला उत्तर सुचले नाही. खरेच, का मागितले नाही? आपण मागत नाही, म्हणून देणाऱ्याला ते देण्याजोगे आहे हेच कळत नाही.

कुणी म्हणेल, सणासुदीच्या दिवसांत मिठाचे काय घेऊन बसलात? सण आहे म्हणूनच. या चार दिवसांत घराघरांतून डबे भरून जातील आणि तेच डबे परत येतील. माझी फाइल हा माझा डबा आहे. तो मी भरून दिला; रात्री जागून, एकेक वाक्य निवडून दिला. तुम्ही त्यातले खा, वाढा, चार ठिकाणी पाठवा, माझी ना नाही. आत खडा निघाला तर मला सांगा. माझाच आहे म्हणून मी तो काढीन. पण खडा निघाल्यावर डबा माझा आणि एरवी तुमचा, असे करू नका. तो परत करा, आणि परत करताना त्यात दुरुस्तीचे चार दाणे घाला.

आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी कालच चिवड्याचा डबा पाठवला आहे. त्यावर चिठ्ठी आहे: "मीठ बेताचं घातलंय."